कातळाची ओळख आणि दोराची पारख

येथे उपस्थित असलेले अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्यापुढे आज जो विषय मांडावयाचा आहे, तो मूठभर हौशी लोकांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रविवारी सकाळी तरुणांचा एखादा घोळका एस. टी.तून गावात उतरतो. पाठीवर पिशव्या आणि खांद्यावर दोराचे वेटोळे असते. गावामागच्या कड्याची वाट विचारून तो निघून जातो. सायंकाळी तो सुखरूप परतला, तर त्याची कोणी दखल घेत नाही. परतला नाही, तर मात्र विजेऱ्या घेऊन रानात शोधाला निघावे लागते ते गावालाच. म्हणूनच प्रस्तरारोहणाचा छंद नवखेपणी कसा जोपासावा, हा प्रश्न जितका त्या तरुणाचा आहे, तितकाच तो शाळेचा, पंचायतीचा आणि प्रशासनाचाही आहे.

असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. वय विशीच्या आतबाहेर. चार-सहा किल्ले पायी पाहून झालेले आहेत. आता वाटेने चढण्यात त्याचे समाधान होत नाही. समोरचा उभा कडा त्याला खुणावतो. बाजारातील दुकानातून त्याने एक जाड, नवा कोरा दोर विकत घेतला आहे. मालमोटारीवरील सामान या दोराने आवळून बांधतात. मग साठ किलोचा माणूस त्याला का पेलणार नाही, असा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब कोठे चुकतो, हे त्याला वेळीच कोणी तरी सांगावयास हवे.

सह्याद्रीचा कातळ

चढणाऱ्याने प्रथम ओळख करून घ्यावयाची ती खडकाची. सह्याद्रीचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून बनलेला बेसाल्ट आहे. सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व काळेकभिन्न असतात, तर काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असून त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातकट दगडाचा पट्टा आढळतो. तो ठिसूळ असतो. एकाच कड्यावर दहा मीटरपर्यंत उत्तम पकड मिळावी आणि अकराव्या मीटरला हातातील दगडच निखळून यावा, असा प्रकार यामुळे घडतो. खालून पाहताना भक्कम वाटणारी पायरी वाळलेल्या गवताने आणि भुसभुशीत मातीने झाकलेली असू शकते. म्हणून जाणता आरोहक कोणत्याही पकडीवर भार टाकण्यापूर्वी ती हाताने ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला, तर ती सोडून देतो. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर स्थिर ठेवून चौथा हलवावा, हा या विद्येचा पहिला धडा होय.

या कड्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांचे मावळे रात्रीच्या अंधारात दोराच्या साहाय्याने सिंहगडाचा कडा चढून गेले, हा इतिहास प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. परंतु त्या पराक्रमामागे कड्याची माहिती, निवडक माणसे आणि पूर्वतयारी होती, ही गोष्ट वर्गात सांगताना बहुधा निसटते.

पहिला कडा कोणता निवडावा?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रायगडासमोरचा लिंगाणा किंवा जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका यांची छायाचित्रे पाहून नवख्याचे मन तिकडेच धाव घेते. ती अनुभवी आरोहकांची क्षेत्रे आहेत. मुंबईच्या परिसरातील आरोहकांच्या कित्येक पिढ्या मुंब्र्याच्या कातळांवर शिकल्या. पहिला कडा असाच, जवळचा आणि लहान, असावा. दहा-पंधरा मीटर उंची पुरे. माथ्यावर पायवाटेने जाता यावे, तेथे पक्का आधार असावा आणि त्यातून ओवलेला दोर वरूनच चढणाऱ्याला सांभाळील, अशी व्यवस्था असावी. या पद्धतीत हात सुटला, तरी माणूस फार खाली जात नाही. दोर खालून वर नेत चढण्याची पद्धत त्यानंतरची, आणि तीही जाणत्याच्या देखरेखीखालीच आत्मसात करावयाची असते.

ऋतूचाही विचार हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस उत्तम. उन्हाळ्यात खडक तापतो व पाणी आटते. पावसाळ्यात शेवाळ धरते आणि दरडी सुटतात. आणखी एक संकट शहरातून आलेल्या तरुणाच्या ध्यानी येत नाही. ते म्हणजे आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाखाली लोंबणारी ही पोळी धुराने, उग्र वासाने किंवा आरडाओरड्याने चवताळतात, आणि दोरावर अडकलेल्या माणसाला पळून जाण्यास जागा नसते. कोणत्या कड्यावर कोणत्या महिन्यात मोहोळ बसते, हे ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजातील जाणत्यांना नेमके ठाऊक असते. त्यांना विचारल्यावाचून नव्या कड्याला हात लावू नये. काही कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे हिवाळ्यात घरटी करतात. गिधाडांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटलेली असल्याने असे कडे त्या काळात वर्ज्य मानावेत.

दोराची पारख

आता त्या तरुणाच्या दोराकडे वळू. सामान बांधण्याच्या दोराचा गुण असा की, तो ताणला जाऊ नये. आरोहणाच्या दोराचा गुण नेमका उलटा आहे. साठ किलो वजनाचा माणूस दोन मीटर खाली पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला अवघ्या दहा सेंटिमीटरांत रोखले, तर त्याच्या शरीरावर व वरच्या आधारावर सरासरी सुमारे १,२६० किलो वजनाइतका भार येतो. तोच माणूस, तितकाच पडून, एक मीटरभर ताणल्या जाणाऱ्या दोराने हळूहळू रोखला गेला, तर हा भार सुमारे १८० किलोंवर येतो. पहिल्या प्रसंगी दोर कदाचित तुटणार नाही. परंतु माणसाचा कणा मोडेल किंवा आधार उखडेल. मजबुती आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

म्हणूनच आरोहणासाठी ‘डायनॅमिक’ प्रकारचा दोर वापरतात. आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेले वेष्टन, अशी त्याची रचना असते. खाली उतरण्यासाठी किंवा बचावकार्यासाठी वापरला जाणारा ‘स्टॅटिक’ दोर दिसावयास तसाच असला, तरी तो फारसा ताणला जात नाही. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो कदापि वापरू नये. एकेरी वापराच्या डायनॅमिक दोराला ८० किलो वजनाची किमान पाच पतने सोसावी लागतात, आणि पहिल्या पतनाचा धक्का सुमारे १,२०० किलोंच्या मर्यादेत ठेवावा लागतो. तेव्हाच त्यावर ‘ईएन ८९२’ हे प्रमाणचिन्ह उमटते. दोराच्या टोकावरील पट्टीवर वर्तुळात १ हा आकडा असतो. साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर जाडीचा, पन्नास किंवा साठ मीटर लांबीचा दोर शिकणाऱ्यांच्या गटास सोयीचा पडतो.

दुसऱ्याने वापरलेला, पूर्वेतिहास माहीत नसलेला दोर फुकट मिळाला, तरी घेऊ नये. बॅटरीतील आम्लाचा एखादा थेंब, महिनोन्‌महिने लागलेले ऊन किंवा कातळाच्या धारेवर झालेले घर्षण त्याला आतून निकामी करू शकते. दर खेपेस दोर हाताखालून सरकवीत तपासावा. कोठे तो मऊ पडला असेल, फुगला असेल किंवा गाभा दिसू लागला असेल, तर तो बाद करावा. दोरावर पाय देऊ नये, ही शिस्त केवळ आदराची नव्हे. तळव्याखालची बारीक खडी वेष्टनात शिरून धागे कापते.

अन्य साधने

सर्व साहित्य एकदम घेण्याची आवश्यकता नाही. दोर, आधाराच्या पट्ट्या व मेखा ही सामग्री संस्थेने सामायिक ठेवावी. नवख्याने स्वतःसाठी प्रथम घ्यावयाचे ते शिरस्त्राण. कारण वरून सुटणारा दगड हा सह्याद्रीतील नित्याचा धोका आहे. मोटारसायकलचे शिरस्त्राण येथे चालत नाही. त्यानंतर कमरेचा व मांड्यांचा पट्टा, म्हणजे हार्नेस. त्याचा कमरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे, नाही तर उलटे झाल्यास माणूस त्यातून निसटू शकतो. दुकानात त्यात लटकून पाहिल्याखेरीज तो विकत घेऊ नये. मग पेचाची कडी, म्हणजे कुलूपबंद कॅरॅबिनर. तिच्यावर भारक्षमतेचे आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने ती निदान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन हजार किलो भार सोसते. मात्र आडवी पडल्यास किंवा तोंड उघडे राहिल्यास तिची क्षमता ७ किलोन्यूटनपर्यंत घसरू शकते. कडीचा पेच बंद आहे की नाही, हे सोबत्याने पाहून मोठ्याने सांगावे. रबरी तळव्याचे खास बूट सर्वांत शेवटी घेतले, तरी चालते; पहिले काही महिने घट्ट बसणारे साधे बूट पुरतात.

कड्यावर पूर्वी कोणी ठोकलेली मेख दिसली, म्हणजे ती विश्वसनीय आहे असे नव्हे. कोकणच्या पावसात साधे लोखंड आतून गंजते. तसेच, दोरावरून उतरताना दोराच्या टोकास गाठ मारावयास विसरू नये. टोक संपले हे न कळल्याने अनुभवी माणसेही दगावली आहेत.

शिक्षण व व्यवस्था

साधने विकत मिळतात. ती वापरण्याची बुद्धी शिकावी लागते. एव्हरेस्टवर १९५३ मध्ये पहिले पाऊल पडल्यानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ ची. महाराष्ट्रात मुंबईची ‘गिरिविहार’, पुण्याची ‘गिरिप्रेमी’ यांसारख्या संस्थांनी तरुण घडविले. २०१६ व २०१७ मध्ये नवी मुंबईत प्रस्तरारोहणाची विश्वचषक स्पर्धा भरली, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. त्याच वर्षी राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली.

तथापि, धोरण कागदावरून कड्यापर्यंत उतरते ते गावामार्फतच. ‘चढण्यास मनाई आहे’ असा फलक लावणे सर्वांत सोपे असते. त्याने तरुण थांबत नाहीत; ते न सांगता जातात, इतकेच. त्याऐवजी पंचायतीने एक नोंदवही ठेवावी. किती जण, कोणत्या कड्यावर, केव्हा परतणार आणि घरचा दूरध्वनी कोणता, एवढ्या चार रकान्यांनी शोधाचे कित्येक तास वाचतात. गावात एक स्ट्रेचर असावे, आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक ठळकपणे लावलेला असावा. मोबाइल कोठवर लागतो, हे गावाला माहीत असावे. लेणी, संरक्षित स्मारके आणि अभयारण्ये यांच्या हद्दीत परवानगी लागते, हेही तेथेच सांगावे. शिक्षकांनी कवायतीच्या तासाला आठाची गाठ शिकवावी. ती गाठ डोळे मिटून बांधता येणारा विद्यार्थी पुढे कड्यावर गेला, तर तो निदान एक गोष्ट अचूक करील.

अशा रीतीने शिकलेला तो तरुण वर्षभराने पुन्हा त्याच कड्यापाशी येतो, असे समजावे. दोर योग्य आहे, सोबती जाणते आहेत. परंतु गावातील एक वृद्ध सांगतो की, गेल्या आठवड्यात कपारीत मोहोळ बसले आहे. तो तरुण वर पाहतो, दोर पुन्हा पिशवीत भरतो आणि परत फिरतो. त्या दिवशी त्याने काहीच सर केले नाही, असे वरवर दिसेल. वास्तविक त्याच दिवशी तो गिर्यारोहक झालेला असतो. असे तरुण गावोगावी तयार व्हावेत, यासाठी येथे जमलेल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याची गाठ पक्की बांधावी.