पहिल्या पावसात खाडीतले जिवाणू काय सांडतात?

आजचा विषय गोराई खाडीच्या चिखलाचा. बोरिवलीहून होडीने पलीकडे जाताना तिवरं दिसतात ना, त्यांच्या मुळाशी असतो तो चिखल.

मे महिन्यात ओहोटी लागली की उन्हाने तिथलं पाणी आटतं आणि उरलेलं समुद्राहून खारट होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. मग जिवाणू का सुकत नाहीत?

एक उपाय म्हणजे मीठच आत घ्यायचं. मिठागरांचं पाणी गुलाबी करणारे सूक्ष्मजीव पेशीत पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवतात. पण मग गोड्या पाण्यात ते फुटतात! मुंबईच्या जूनमध्ये हा सौदा महागात पडणार.

दुसरा उपाय मला जास्त हुशारीचा वाटतो. बरेच जिवाणू एक्टोइन नावाचा छोटा रेणू बनवतात. तो आत कितीही साठला तरी पेशीचं काम अडत नाही, आणि प्रथिनांभोवतीचं पाणीही टिकतं. १९८५ साली तो इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या खाऱ्या तळ्यांतल्या जिवाणूत सापडला. त्यासाठी एक्ट-ए, एक्ट-बी, एक्ट-सी अशी तीन जनुकं लागतात, बहुधा शेजारी-शेजारी बसलेली. गंमत म्हणजे कामाचा क्रम बी, ए, सी असा आहे! बीचं एन्झाइम अस्पार्टेटपासून आलेल्या रेणूवर अमिनो गट बसवतं, एचं त्याला असिटिल गट जोडतं, आणि सीचं त्याचं कडं करून टाकतं. काहींकडे चौथं एक्ट-डी असतं, ते हायड्रॉक्सिएक्टोइन बनवतं.

आता पाऊस आला. बाहेर गोडं पाणी, आत एक्टोइन ठासून भरलेलं. पाणी धडाधड आत शिरतं, पेशी फुगते. पडदा ताणला गेला की त्यातल्या झडपा क्षणार्धात उघडतात आणि साठा बाहेर सांडतो. जीव वाचतो.

कारखान्यांनी नेमकं हेच उचललं. हॅलोमोनास इलाँगाटा हा जिवाणू १५ टक्के मिठात वाढवायचा, मग एकदम ३ टक्क्यांत टाकायचा. एक्टोइन बाहेर येतं, ते गोळा करायचं, आणि पुन्हा मिठात. ह्याला चक्क ‘जिवाणूचं दूध काढणं’ म्हणतात. ते एक्टोइन डोळ्यांच्या थेंबांत, नाकाच्या फवाऱ्यांत, क्रीममध्ये जातं.

चिखलात सांडलेलंही वाया जात नाही बरं का. बनवायला महाग असलेला हा माल काही जिवाणू तयार उचलतात, मीठ वाढेल तेव्हासाठी. काही तर सरळ खाऊन टाकतात.