कागदकामाचे मोल

(लातूर येथे महिला बचत गटांसाठी झालेल्या कागदकाम प्रशिक्षण वर्गाच्या समारोपात केलेले भाषण)

माता-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या बंधूंनो,

या वर्गाच्या पत्रकावर ‘पेपर क्राफ्ट’ असा शब्द छापला आहे. तो वाचून एखाद्यास वाटावे की ही शहरातून आलेली, फावल्या वेळची काहीतरी नवी कला आहे. आपल्या घरांना ती मुळीच नवी नाही. लग्न ठरले की मुलीकडच्या घरी रुखवताची तयारी सुरू होते. सुपारीला कागदी फेटा बांधून केलेला नवरदेव, पुठ्ठ्यावर मांडलेली सप्तपदीची सात पावले, रंगीत कागदाच्या पाकळ्यांत सजवलेले विडे, हे सारे कागदकामच आहे. संक्रांतीला हलव्याचे दागिने करताना आत पुठ्ठा असतो. दिवाळीचा आकाशकंदील म्हणजे कामट्या, पतंगी कागद आणि झिरमिळ्या. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात. पुण्यामुंबईच्या मंडळींना गौरी म्हटले की कळते, आपल्याला महालक्ष्म्याच म्हणावयाचे असते. त्यांच्यामागच्या आराशीत कागदाचे काम नाही, असे घर मी तरी लहानपणी पाहिले नाही.

त्याहूनही जुनी एक वस्तू येथे बसलेल्या वयस्कर भगिनींना आठवत असेल. रद्दी कागद दोनचार दिवस भिजत घालावयाचे, कुटून त्याचा लगदा करावयाचा, त्यात मेथीचे पीठ मळावयाचे आणि पालथ्या घागरीवर तो थापून टोपली करावयाची. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असा बायकांचा अनुभव होता. वाळल्यावर वरून रंग दिला की त्यात कुरडया, पापड, शेवया ठेवल्या जात. बांबूच्या सुपाला आणि दुरडीलाही याच लगद्याचे लिंपण होई. या कामास कोणी कला म्हटले नाही, आणि त्याचे पैसेही कोणी दिले नाहीत. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

कागदाशी मराठवाड्याचे नाते तर कित्येक शतकांचे आहे. देवगिरीच्या किल्ल्यावरून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस आणली, त्या काळापासून येथे हाताने कागद होत आला, अशी परंपरा सांगितली जाते. मराठेशाहीतील दप्तरांमध्ये दौलताबादी कागद वापरला गेला, तसाच जुन्नरचाही. कागजी कारागीर चिंध्या व जुने दोर कुटून लगदा करीत, साचा पाण्याच्या हौदात बुडवून एकेक ताव उचलीत, वाळलेल्या तावाला खळ लावून गुळगुळीत दगडाने तो घोटीत. आज मुलांच्या हस्तकलेसाठी आपण दुकानातून जो चकचकीत ‘घोटीव कागद’ आणतो, त्याच्या नावात हे घोटणे राहून गेले आहे. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हाताच्या कागदाचे गिऱ्हाईक गेले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, राजस्थानातील सांगानेरच्या कागजी कुटुंबांनी आपल्या मालाला परदेशी बाजारपेठ मिळवली. कागजीपुऱ्याला तेवढे बळ मिळाले नाही.

हे ऐकून उत्साहाच्या भरात कोणी म्हणेल, मग आपणही लातुरात हातकागद करू या. थांबा. कागद करण्यास पाणी फार लागते. ज्या शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे नवा पाणीखाऊ उद्योग काढणे शहाणपणाचे नव्हे. नांदेडला गोदावरी आहे, तेथे विचार निराळा होऊ शकेल. आपण तयार कागदापासून वस्तू कराव्यात. त्याला बादलीभर पाणी पुरे.

आणि कच्च्या मालाचे काय? उत्तम हातकागद सुती चिंध्यांचा होतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘एनएचएच-४४’ हा संकरित वाण दिला, तो महाराष्ट्रभर पेरला गेला. आपला कापूस बाहेर जातो, त्याचे कापड होते, कापडाच्या कातरणीचा कागद होतो आणि तो महाग ताव होऊन आपल्याच दुकानात परत येतो. तो मोजकाच घ्यावा, कार्डाच्या दर्शनी भागापुरता. परंतु दुसरा एक माल या दोन शहरांत फुकटासारखा पडून आहे, त्याकडे कोणाचे लक्ष नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीमुळे येथे आणि नांदेडला गावोगावची हजारो मुले शिकवणीसाठी येऊन राहतात. त्यांच्या सराव प्रश्नपत्रिका, नोट्स, उत्तरपत्रिका परीक्षा संपली की रद्दीत जातात. कोऱ्या बाजूचा कागद पाकिटांना आणि पिशव्यांना चालतो. उरलेल्याचा लगदा करावा, मेथी घालावी आणि आजीची टोपली पुन्हा करावी. शाईमुळे लगदा करडा दिसतो, तेव्हा वरून रंग हवाच.

वर्तमानपत्राचा कागद मात्र शुभेच्छापत्रास वापरू नका. त्यात लाकडाचा लिग्निन नावाचा घटक राहिलेला असतो, उजेडात तो पिवळा पडतो. आम्हा पत्रकारांचे लेखन दुसऱ्या दिवशी रद्दी होते हे सर्वांना ठाऊकच आहे. कागदही त्याच मुदतीचा असतो!

वर्गात शिक्षिकांनी कारागिरी शिकवली, ती मी पुन्हा सांगत नाही. बाहेर मांडलेल्या वस्तू पाहताना जे खटकले तेवढे सांगते. जाड कार्डशीटची घडी पुष्कळ ठिकाणी फुटली आहे. यंत्राच्या कागदाला धाग्यांची एक दिशा असते. त्या दिशेने घडी सरळ पडते, आडवी घातली की कडा भेगाळते. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या बाजूने सहज वाकतो ती दिशा. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने त्या जागी रेघ दाबून घ्यावी. गव्हाच्या पिठाची खळ वापरणार असाल तर जुने बुकबाइंडर तीत चिमूटभर मोरचूद घालीत, हे लक्षात ठेवा. मोरचूद विषारी आहे, ती खळ मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि टपालाचा हिशेब करा. दोनशे जीएसएमचा ए-फोर ताव सुमारे साडेबारा ग्रॅम भरतो. त्यावर पाकीट, मणी, टिकल्या, क्विलिंगची फुले चढवली की वीस ग्रॅमची मर्यादा ओलांडते आणि तिकीट वाढते. गिऱ्हाइकाने पाठवलेले कार्ड पलीकडे दंड भरून सोडवून घ्यावे लागले, तर त्या शुभेच्छा कडू लागतात.

आता खटकलेली दुसरी गोष्ट. निम्म्याहून अधिक कार्डांवर इंग्रजी शुभेच्छा आहेत. त्या छापील कार्डांत पैशाला पासरी मिळतात. हाताच्या कार्डाचे सामर्थ्य एवढेच की ते एका माणसासाठी केलेले असते. त्यावर त्या माणसाचे नाव असावे, बारशाचे असेल तर तिथी असावी, मुंजीचे असेल तर बटूचे नाव आणि घरातले लाडाचे नावही. लातुरात खोली घेऊन राहिलेल्या मुलाला परीक्षेआधी आईच्या शब्दांतले चार ओळींचे कार्ड मिळावे, ही मागणी येथे प्रत्यक्ष आहे आणि ती अद्याप कोणी ओळखलेली नाही. शब्द मराठी घ्याल तर शुद्ध लिहा. बाहेर मला ‘शुभाषिर्वाद’ आणि ‘हार्दीक’ दिसले. तीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्या बाईच्या नजरेस हे आधी पडणार, हा माझ्या व्यवसायाचा दोष समजा. पण लग्नघरी वडीलधारी मंडळीही हेच आधी पाहतात. ‘शुभाशीर्वाद’ आणि ‘हार्दिक’, एवढे आजच वहीत उतरवून घ्या.

काही जणांना ही हलकी, बालवाडीतली विद्या वाटते. त्यांच्यासाठी एक उदाहरण. टी. सुंदर राव या आपल्याच देशातील गणितप्रेमी गृहस्थाने १८९३ मध्ये मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि ते जगभर गेले. आपल्याकडे डॉ. अनिल अवचटांनी ओरिगामीची गोडी कितीतरी मराठी घरांना लावली.

तरीही गोडी वेगळी आणि पोट वेगळे. नांदेडला एका भगिनीने मला क्विलिंगची नावाची पाटी दाखवली. काम अप्रतिम होते. दोन दिवस, रोज पाच तास बसून केलेली ती पाटी त्यांनी अडीचशे रुपयांस दिली. सामान नव्वद रुपयांचे. उरले एकशे साठ, म्हणजे तासाला सोळा रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांनी भागा, तासाला सदतीस पडतात. मातीकामाच्या निम्म्याहूनही कमी. मी हा हिशेब मांडल्यावर त्या म्हणाल्या, “पण ताई, मला आवड आहे ना.” घरातल्या पुरुषमंडळींनी आणि आपण स्वतःही हा शब्द फार स्वस्त करून ठेवला आहे. आवडीने केलेल्या कामाचे पैसे मागू नयेत, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

किंमत नुसती वाढवून भागणार नाही, वेळही उतरवावा लागेल. गट आहे तो कशासाठी? दहा जणींनी दहा कार्डे आरंभापासून शेवटपर्यंत करण्यापेक्षा एकीने पन्नास तुकडे एकदम कापावेत, दुसरीने घड्या घालाव्यात, तिसरीने पट्ट्या गुंडाळाव्यात. ज्यांचे अक्षर वळणदार आहे त्यांनी केवळ लिहावे. हंगाम पाहून माल करावा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरास पर्याय शोधला जातो आहे. घडीचे, पुढच्या वर्षी पुन्हा उभे करता येणारे पुठ्ठ्याचे मखर हे गटाचे काम आहे. त्यास आषाढातच हात घातला पाहिजे. श्रावणात सुरू केलेले मखर पावसाळी हवेत वाळत नाही.

आणि “आमच्या महिलांनी केले आहे, घ्या” असे सांगून विकू नका. दयेपोटी माणूस एकदाच घेतो. कड सरळ असेल, रंग पसरलेला नसेल, तर तो पुन्हा येतो. घेणाऱ्यांनाही एक सांगावयाचे आहे, कारण मागे बसलेले बंधू प्रामुख्याने तेच आहेत. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण निमूटपणे देतो आणि बचत गटाच्या टेबलापाशी आलो की “वीसला देता का?” असे विचारतो. त्या वीस रुपयांत कोणाचा तास जातो, याचा हिशेब आता आपणही ऐकला आहे.

बाहेरच्या टेबलांवरच्या एकाही वस्तूला किमतीची चिठ्ठी नाही. चहा होईपर्यंत अर्धा तास आहे. प्रत्येकीने आपल्या वस्तूचा तास आणि सामान मांडून चिठ्ठी लावावी. मला दोन रुखवताचे संच आणि ती करड्या रंगाची टोपली घ्यावयाची आहे.