यंत्राची जाहिरात आणि माणसाची धास्ती

जाहिरात वस्तूचे गुण सांगते, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकाच्या आरंभीच्या जाहिराती पाहिल्या, म्हणजे त्यांना माणसाच्या मनातील धास्तीचीही दखल घ्यावी लागली, असे दिसून येते.

१९५१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राची जाहिरात दिली. चित्रात स्लाइड रूल घेतलेल्या एंजिनिअरांचा समुदाय होता. आणि हे यंत्र म्हणजे जणू १५० जादा एंजिनिअर, असा तिचा दावा होता. कारखानदाराला हा हिशेब गोड वाटावा. पण ज्याच्या हाती स्लाइड रूल होती, त्याने त्यातून कोणता बोध घ्यावा?

पुढल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री, टंकलेखन यंत्रांसाठी ख्यातनाम असलेल्या रेमिंग्टन रँड कंपनीचा 'युनिव्हॅक' संगणक सीबीएस दूरचित्रवाणीवर अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत करावयास बसला. खरे यंत्र फिलाडेल्फियात होते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत लुकलुकत्या दिव्यांची केवळ प्रतिकृती मांडली होती. थोडीशी मते हाती येताच यंत्राने आयझेनहॉवर यांना ४३८ आणि स्टीव्हन्सन यांना ९३ निर्वाचक मते देऊ केली. लढत चुरशीची होईल, असे जाणते लोक म्हणत होते. त्यामुळे ते भाकीत रोखून धरण्यात आले. प्रत्यक्ष निकाल लागला ४४२ विरुद्ध ८९! अखेर कंपनीच्या प्रतिनिधीला प्रेक्षकांसमोर कबुली द्यावी लागली, आणि ती कबुलीच त्या यंत्राची मोठी जाहिरात ठरली.

परंतु अचूकपणाने आदर वाढला, तरी जवळीक वाढतेच असे नाही. १९८१ साली आयबीएमने व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा तो सामान्य माणसाला आपलासा वाटावा म्हणून तिने चार्ली चॅप्लिनचा भटक्या निवडला. चॅप्लिन १९७७ मध्येच निवर्तले होते. त्यांचे सोंग दुसऱ्या नटाने वठविले. टोपी, काठी, गुलाबाचे फूल आणि शेजारी संगणक, असे ते दृश्य होते. वस्तुतः १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स' या चित्रपटात हाच भटक्या कारखान्यातील दातेरी चक्रांत ओढला जातो. यंत्राने ज्याला गिळले, त्यालाच यंत्राचा जामीन म्हणून उभे करण्यात आले!

लोकांची भीती त्याने बरीचशी हसण्यावारी नेली. त्या १५० एंजिनिअरांच्या जागेचा प्रश्न मात्र जाहिरातीच्या कक्षेतला नव्हता. त्याचे उत्तर समाजालाच द्यावे लागते.