ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला काय?



दाढ दुखू लागली की घरोघरी होणारे उपाय ठरलेले असतात. आधी लवंगेचे तेल, मग मिश्री आणि शेवटी दुकानातून आणलेली गोळी. काही दिवसांनी ठणका थांबतो आणि दात बरा झाला, असा समज करून घेण्यात येतो. पुष्कळदा वस्तुस्थिती उलट असते. दात बरा झालेला नसतो. तो आतून मेलेला असतो.

दाताचे बाहेरचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. मात्र दाताच्या मध्यभागी मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असून ते मुळांतील बारीक नळ्यांतून जबड्याच्या हाडाकडे जातात. दाताला कीड लागते ती अळीमुळे नव्हे. गोड व पिठूळ अन्नकणांवर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि ते कवच झिजविते. जंतू गरापर्यंत पोहोचले की गर सुजतो. परंतु कठीण भिंतींच्या आत सुजेला पसरावयास जागा नसते. म्हणूनच तो असह्य ठणका लागतो. पुढे गर मरतो, मज्जातंतू मरतात व वेदना थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकाकडून हाडात शिरतात आणि तेथे पू साचून गळू होते.

अशा वेळी केवळ प्रतिजैविक गोळ्यांनी काम भागत नाही. औषध रक्तावाटे जाते आणि मेलेल्या गरात रक्तच पोहोचत नाही. ताप वा पसरणारी सूज असल्यास या गोळ्या आवश्यक ठरतात. पण रोगाचे मूळ दातातच राहते. ते काढण्याचे मार्ग दोनच : दात उपटणे किंवा मुळाच्या नळ्या साफ करणे. या दुसऱ्या उपचारास 'रूट कॅनाल' म्हणतात.

प्रथम क्ष-किरण चित्र घेऊन मुळांची संख्या व वळणे पाहण्यात येतात. इंजेक्शनने जागा बधिर करून दाताला वरून छिद्र पाडण्यात येते. सुईसारख्या बारीक कानशींनी नळ्यांतील सडलेला गर काढून त्या जंतुनाशक द्रावणाने धुतात. नंतर त्या गट्टापर्चाने घट्ट भरतात. हा पदार्थ मलाया प्रदेशातील झाडांच्या चिकापासून मिळतो. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर त्याचेच वेष्टन असे. असा दात पुढे ठिसूळपणे फुटण्याचा संभव असल्याने दाढेवर बहुधा टोपी बसवितात. ठणका थांबला म्हणून हे काम अर्धवट सोडणे म्हणजे जंतूंना पुन्हा वाट करून देणे होय. मूळ उभे चिरलेले असल्यास किंवा दात फारच मोडलेला असल्यास मात्र तो काढणेच इष्ट.

वरची दाढ काढल्यास दृष्टी जाते, हा समज निराधार आहे. दाताचे आणि दृष्टीचे मज्जातंतू वेगवेगळे आहेत.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. ती कायमची दाढ असते. गेली की पुन्हा येत नाही. वर्गात मुलांचे तोंड उघडून पाहण्यास खर्च लागत नाही. लहान खड्डा वेळीच भरला, तर रूट कॅनालची पाळीच येत नाही.

हनुवटीखाली सूज येणे, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे, यांसह ताप असल्यास विलंब लावू नये. गळ्याकडे पसरणारी ही सूज श्वासमार्ग बंद करू शकते. अशा रुग्णास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्था ग्रामपंचायत सदस्यांनी करावी. मधुमेही व्यक्तींबाबत अधिकच दक्षता हवी.

नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडूनच उपचार घ्यावेत. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाऊ नये. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दातांवर उपचार होतात. ठणका ही शरीराने दिलेली सूचना आहे. सूचना बंद झाली, तरी संकट टळले असे होत नाही, एवढे गावागावांत पोहोचले तरी अनेक दात आणि काही प्राण वाचतील.