हक्कांचा पहारा गावाच्या वेशीवर



नागरिकांचे हक्क राजधानीत लिहिले जातात. ते पाळले जातात की नाही, हे मात्र गावच्या कचेरीत ठरते. अमेरिकेचे उदाहरण पाहा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथे ‘पॅट्रियट ॲक्ट’ आला. ग्रंथालयातून कोणी कोणते पुस्तक नेले, ही नोंदसुद्धा सरकारला मागता येऊ लागली. मुस्लिम वस्त्यांवर संशयाची छाया पडली.

जानेवारी २००२ मध्ये ॲन आर्बरच्या नगरपरिषदेने नागरी हक्क जपण्याचा ठराव केला. मे महिन्यात नॉर्दॅम्प्टनने. एका शहराचा मसुदा दुसऱ्याच्या उपयोगी पडला आणि काही वर्षांत असे ठराव सुमारे चारशे ठिकाणी झाले. २००३ मध्ये आर्केटा शहराने तर, आपल्या अधिकाऱ्याने या कायद्याखाली आपणहून सहकार्य केल्यास ५७ डॉलर दंड ठरविला!

ठरावांनी कायदा रद्द झाला नाही, हे खरे. नोंदी मागण्याच्या वाढीव अधिकाराची मुदत मार्च २०२० मध्ये संपली. पण तोवर एकेकटे अधिकारी एकटे राहिले नव्हते.

पालकहो, अडचण येण्यापूर्वीच ग्रामसभेत, नगरपालिकेत ओळख ठेवा. विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही त्या खुर्चीवर बसाल, तेव्हा शेजारच्या गावातील सहकाऱ्याचा हात धरून ठेवा.