जुनी गाडी : साल कसं वाचावं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आरोग्य झालं, मृत्युपत्र झालं, आता गाडी! विमा कंपन्यांसाठी गाड्यांची पाहणी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून समितीने हा विषय माझ्या गळ्यात घातला असावा. लिफ्टमध्ये मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो, "काका, सेकंडहँड गाडी घ्यायचीय, कुठल्या सालची घेऊ?"

आपल्यापैकी बऱ्याच जणांची ती पहिलीच गाडी असते. पीएफचे पैसे काढलेले असतात, किंवा आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी हवी असते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. उदाहरणाला वॅगन आर घेऊ. १९९९ च्या अखेरीस ती भारतात आली, म्हणजे जवळजवळ आपल्या सोसायटीच्याच वयाची!

ही गाडी २०१० मध्ये बदलली आणि जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा नव्याने आली. नाव एकच, पण गाड्या तीन. यालाच गाडीची पिढी म्हणतात. कुठलीही गाडी बघताना ती कुठल्या पिढीची, हे आधी विचारा. गॅरेजवाल्यांचा जुना आडाखा असा, की नव्या पिढीची पहिल्या वर्षातली गाडी जपून घ्यावी आणि जुन्या पिढीची शेवटच्या दोन-तीन वर्षांतली बघावी. त्यात तथ्य आहे. नव्या गाडीच्या खोड्या ती रस्त्यावर आल्यावरच कळतात आणि कंपनी त्या हळूहळू काढत जाते. शेवटच्या गाड्यांपर्यंत मेकॅनिकचा हात बसलेला असतो आणि सुटे भागही सहज मिळतात.

या आडाख्याने २०१७-१८ ची वॅगन आर बरी ठरते. पण इथे थांबू नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारला चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागे घेताना लागणारे सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या स्वस्त प्रकारांत एअरबॅग असेलच असं नाही. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग तर आधीपासून चालू असलेल्या मॉडेल्सना २०२१ संपल्यावर सक्तीची झाली. त्या सीटवर आपल्याकडे कोण बसतं? बहुतेक घरांत आई किंवा बायको. तेव्हा पंचवीस-तीस हजार वाचतात म्हणून जुनं साल घेताना, त्या सीटसमोर एअरबॅग आहे का, एवढं नक्की बघा.

मग २०१९ ची घ्यावी का? इथे खरी गंमत आहे. जुलै २०२० मध्ये मारुतीने इंधनपंपात दोष असण्याच्या शक्यतेमुळे १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यात १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटर इंजिनाच्या वॅगन आर होत्या, आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या पेट्रोल बलेनो. दोष असलेला पंप कंपनीने फुकट बदलून द्यायचा होता. आता बघा, वॅगन आर नवी होती म्हणून आडाखा खरा ठरला म्हणावं, तर बलेनो २०१५ पासून बाजारात होती! म्हणजे जुन्या, मुरलेल्या मॉडेलमध्येही सुट्या भागाची एखादी खेप खराब निघू शकते. शिवाय सप्टेंबर २०१९ ची वॅगन आर त्या यादीच्या मुदतीत येते, डिसेंबरची येत नाही. जाहिरातीत मात्र दोन्ही '२०१९ मॉडेल'च.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सालाबरोबर महिना विचारा. आरसीवर नोंदणीची तारीख असते आणि गाडी बनल्याचा महिना-वर्षही असतं. विकणारा नोंदणीचं साल सांगतो, कारण डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदवली की ती एक वर्ष तरुण दिसते. तुम्ही बनल्याचा महिना धरा. गाडी परत बोलावण्याच्या यादीत आली तर घाबरू नका. चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, की काम झालं आहे का. झालं असेल तर त्या गाडीची एक काळजी मिटली.

आणखी दोन तारखा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती मोकळी राहायला लांब पल्ला लागतो. रोज स्टेशन आणि भाजी मंडई एवढंच फिरणं असेल, तर पेट्रोल घ्या. दुसरी तारीख पंधरा वर्षांची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, वर आपल्या राज्यात पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती उगाच नाही!

आता साल काय सांगत नाही, तेही ऐका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी कितीही चांगल्या सालची असो, तिची वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पाण्याची रेघ दिसते का पाहा. सीटखालच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेटखाली कुबट वास, यातलं काही आढळलं तर नमस्कार करून निघा. आणि किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, सर्व्हिसच्या नोंदी मागा.

थोडक्यात, आधी पिढी, मग बनल्याचा महिना, मग परत बोलावण्याची यादी आणि शेवटी ती गाडी स्वतः. चौथी पायरी दिवसाउजेडी आणि मेकॅनिकला बरोबर नेऊनच करा. मला हाक मारलीत तरी चालेल, रविवारी सकाळी मी मोकळा असतो.

मात्र टोकन देण्याआधी एकदा सेक्रेटरींना भेटा. गाडी कुठल्याही सालची मिळेल, पार्किंग मिळेलच याची हमी माझ्याकडे नाही!

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.