आमची आजी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)

आमची आजी गेल्या वर्षी, वयाच्या 92व्या वर्षी गेली. तिच्याविषयी दोन शब्द बोल, असं कमिटीने सांगितलं. दोन शब्दांत मावणारी ती नव्हती, म्हणून एकच आठवण सांगतो.

12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा आजी नारायण पेठेत राहायची. एक पोर कडेवर, एक बोटाला, अशी निघाली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हाक मारायची राहून गेली. त्या वाचल्या, पण आजीला ते जन्मभर सलत राहिलं.

25 सप्टेंबर 2019च्या रात्री आपल्या मागच्या आंबिल ओढ्याला पूर आला. आजीने मला उठवलं. "खालच्या सगळ्यांची दारं वाजव." खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर खेकसलो, "आजी, पानशेत पुन्हा नाही फुटलं!" ती स्वतःच काठी शोधायला लागली, तेव्हा गेलो. शेवटचं दार वाजवलं तेव्हा पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.

तळमजल्यावरची मंडळी इथे समोरच बसली आहेत. त्या रात्री आमच्याकडे सतरा माणसं होती. कप कमी पडले, काहींना चहा वाटीतून दिला. आजी मात्र पहाटेपर्यंत एकच विचारत होती, "कुणी राहिलं नाही ना रे खाली?"